स्कॅनमधलं खरं-खोटं कुठे ठरतं?

गाल फुगवा, तसेच धरून ठेवा, हालू नका. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला सीटी स्कॅनच्या टेबलावर अशी सूचना मिळाली की तो जरा गोंधळतोच. पण त्या फुगवलेल्या गालावर पुढे बरंच काही अवलंबून असतं. तोंड मिटलेलं असताना गालाची आतली बाजू हिरडीला चिकटलेली असते. दोन्ही मऊ ऊती, दोन्हींची घनता जवळपास सारखी, त्यामुळे सीटीच्या चित्रात दोन्ही मिळून एकच करडी पट्टी उमटते. गाठ गालातून वाढली आहे की हिरडीतून, हे त्या पट्टीवरून कळत नाही. गाल फुगवला की मध्ये हवा शिरते. सीटीच्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० असा अंक दिलेला आहे, त्यामुळे हवा ठार काळी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा स्वच्छ वेगळ्या होतात. गाठ हाडापासून लांब आहे, हाडाला टेकली आहे की हाडात शिरली आहे, हे मग ठरवता येतं. त्यावरूनच सर्जन जबड्याच्या हाडाची नुसती कड काढायची की अख्खा तुकडा काढायचा, हे ठरवतात. रुग्णाचं पुढचं चावणं, बोलणं आणि चेहरा या निर्णयावर टिकून असतो. यासाठी जादा खर्च काहीच नाही, लागते ती एक नीट दिलेली सूचना.

आपल्याकडे या सूचनेला फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडे तंबाखू गालात धरून ठेवतात. चुना मळलेली तंबाखू, गुटखा, मावा तासन् तास ज्या खोबणीत दाबून ठेवला जातो, तिथेच, गाल आणि हिरडी यांच्या मध्ये, कर्करोग उगवतो. पाश्चात्त्य देशांमध्ये तोंडाच्या कर्करोगात जीभ आणि जिभेखालच्या भागाचे रुग्ण जास्त असतात. म्हणजे आपला आजार नावाने तोच असला तरी जागेने वेगळा आहे, आणि तो नीट दिसावा यासाठी काय करायचं, हे आपल्याच रुग्णांवर तपासून घ्यावं लागतं.

आता खरा प्रश्न येतो. स्कॅन वाचून रेडिओलॉजिस्टने लिहिलं, ‘हाडात शिरकाव नाही’. हे बरोबर आहे, हे कोण सांगणार? स्कॅनचं यंत्र सांगू शकत नाही. ते सांगतं सर्जनने काढलेलं हाड, पॅथॉलॉजीच्या टेबलावर पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. स्कॅनमध्ये एक दिसलं आणि काचपट्टीवर दुसरं निघालं, असं किती वेळा होतं, कोणत्या प्रकारच्या गाठीत होतं, दातांत भरलेल्या धातूमुळे उमटणाऱ्या रेघांनी किती वेळा फसवणूक झाली, याचा हिशोब शेकडो रुग्णांवर ठेवला तरच ‘हे तंत्र भरवशाचं आहे’ असं म्हणता येतं. त्यासाठी स्कॅनर, ऑपरेशन थिएटर, पॅथॉलॉजी आणि दोन-तीन वर्षांनी फेरतपासणीला येणारा रुग्ण हे सगळं एकाच छपराखाली लागतं. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारी चांगली संशोधन संस्था रुग्णालयाच्या आवारातच का असते, याचं हे पहिलं कारण. नवी मुंबईत अशी जागा आहे. ती किती मोलाची आहे, हे तिच्या शेजारून रोज जाणाऱ्यांनाही पुरेसं ठाऊक नसावं, असं मला वाटतं.

खारघरच्या सेक्टर २२मध्ये, डोंगरांच्या पायथ्याशी, सुमारे ६० एकरांवर ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. टाटा मेमोरियल सेंटरचं हे कर्करोग उपचार, संशोधन आणि शिक्षण केंद्र. रिक्षावाले त्याला ‘खारघरचं टाटा’ म्हणतात. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं, १९६२मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं, आणि परळमध्येच असलेली कर्करोग संशोधन संस्था २००२मध्ये खारघरला हलली. ११ मे २०२३ रोजी इथलं वैद्यकीय प्रतिमांवर संशोधन करणारं रेडिओलॉजिकल रिसर्च युनिट, प्रोटॉन उपचाराची हॅड्रॉन बीम सुविधा आणि महिला व बालकांच्या कर्करोग रुग्णालयाची इमारत देशाला अर्पण करण्यात आली. त्याच दिवशी खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, मोलिब्डेनम-९९ तयार करणारा प्रकल्पही अर्पण झाला. वर्तमानपत्रांत या बातम्या एका ओळीत उरकल्या गेल्या. पण यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याला प्रतिमाशास्त्रातला एक मोठा मुद्दा हाती लागला असता.

तो मुद्दा वेळेचा आहे.

एक्स-रे किंवा सीटीमध्ये किरण बाहेरून आत जातात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये उलट असतं. किरणोत्सारी अणू चिकटवलेलं औषध अगदी थोड्या मात्रेत शिरेतून देतात, ते शरीरात आपापल्या जागी जाऊन बसतं आणि तिथून बाहेर येणारे गामा किरण कॅमेरा टिपतो. हाडांचा स्कॅन, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा स्कॅन, मूत्रपिंडांच्या कामाचा स्कॅन यांत बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हा अणू वापरतात. हे मूलद्रव्य १९३७मध्ये सापडलं आणि माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं ते पहिलं मूलद्रव्य. त्याच्या गामा किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे शरीरातून बाहेर पडण्याइतकी जास्त आणि कॅमेऱ्याच्या स्फटिकात अडकण्याइतकी कमी. त्याचं अर्धायुष्य सहा तास. सकाळी नऊला असलेलं दुपारी तीनला निम्मं, रात्री नऊला पाव. रुग्णासाठी हे चांगलंच, शरीरातला किरणोत्सार झटपट संपतो. पण मग हा अणू साठवून ठेवायचा कसा आणि गावोगावच्या रुग्णालयांत पोचवायचा कसा?

अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या शेवटी यावर तोड निघाली. टेक्नेशियम पाठवायचंच नाही. ज्याच्यातून ते आपोआप जन्माला येतं ते मोलिब्डेनम-९९ पाठवायचं. मोलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास आहे. शिशाच्या कवचातल्या एका लहानशा नळीत ते धरून ठेवतात आणि रोज सकाळी तिच्यातून मिठाचं निर्जंतुक पाणी सोडून रात्रभरात तयार झालेलं टेक्नेशियम तेवढं धुऊन काढतात. किरणोत्सारी औषधं तयार करणाऱ्या हॉट लॅबमधली मंडळी या नळीला, म्हणजे जनरेटरला, गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं म्हणतात. गाय आटतेही. आठवडाभराने मोलिब्डेनम मूळच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं, म्हणून दर आठवड्याला नवा जनरेटर लागतो.

जगाचं मोलिब्डेनम मोजक्या आणि जुन्या अणुभट्ट्यांमधून येत आलं आहे. मे २००९मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१०पर्यंत सुरू झाली नाही. त्याच काळात नेदरलँड्समधली पेटेनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. जगभरच्या रुग्णालयांत हाडांचे आणि हृदयाचे स्कॅन पुढे ढकलले गेले. जी वस्तू साठवता येत नाही तिचा तुटवडा दुसऱ्याच आठवड्यात रुग्णापर्यंत पोचतो. ट्रॉम्बेच्या प्रकल्पाचं महत्त्व यात आहे. त्यातून वर्षाला नऊ ते दहा लाख रुग्णांच्या स्कॅनची सोय होईल, अशी अपेक्षा सरकारने उद्घाटनावेळी सांगितली होती.

ट्रॉम्बे आणि खारघर यांच्या मधली कडी वाशीला आहे. सेक्टर २०मध्ये ‘ब्रिट’चं, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचं मुख्यालय आणि किरणोत्सारी औषधांची प्रयोगशाळा आहे. (याच आवारात मसाल्यांवर विकिरण प्रक्रिया करणारा प्रकल्पही आहे. तिथे किरणांच्या माऱ्याने मसाल्यातले जंतू मारतात, शेजारच्या प्रयोगशाळेत अतिशय थोडा किरणोत्सार मोजूनमापून औषधात भरतात. दोन्ही कामं एकाच विज्ञानाची.) टेक्नेशियम स्वतःहून कुठेच जात नाही. त्याला हाडाकडे न्यायचं तर एक रेणू लागतो, हृदयाच्या स्नायूकडे न्यायचं तर दुसरा, मूत्रपिंडाकडे तिसरा. या रेणूंची कोरडी पूड छोट्या कुप्यांमध्ये भरून वाशीहून देशभर जाते. रुग्णालयात सकाळी ‘दूध’ काढायचं, कुपीत घालायचं, हलवायचं, तपासायचं आणि टोचायचं. ट्रॉम्बेची भट्टी, वाशीची प्रयोगशाळा आणि खारघरचं रुग्णालय एका दिवसाच्या कामात एकमेकांशी जोडलेली असावीत, असा भूगोल देशात फारसा कुठे नाही.

न्यूक्लिअर मेडिसिनमधल्याच पीईटी स्कॅनमध्ये वेळेची ही ओढाताण आणखी वाढते. तिथे वापरतात ते फ्लोरिन-१८ आणि त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. ते सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, तयार करावं लागतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. समजा, सायक्लोट्रॉनपासून रुग्णालयापर्यंत औषध पोचायला वाहतूक कोंडीमुळे दीड तास लागला, तर वाटेतच सुमारे ४३ टक्के किरणोत्सार संपून जातो. सायन-पनवेल महामार्गावर एखादा ट्रक उलटला की सकाळच्या यादीतले शेवटचे दोन रुग्ण उद्यावर जाऊ शकतात, हे त्यामागचं साधं गणित. कार्बन-११सारख्या अणूचं अर्धायुष्य तर अवघं वीस मिनिटं. त्याच्यावर संशोधन करायचं तर सायक्लोट्रॉन, रसायनशाळा आणि स्कॅनर एकाच आवारात हवेत, त्याला पर्यायच नाही. संशोधन रुग्णालयातच का, याचं हे दुसरं कारण.

फ्लोरिन-१८ साध्या ग्लुकोजसारख्याच एका रेणूला जोडतात, त्याला एफडीजी म्हणतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी ग्लुकोजसाठी हावऱ्या असतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं. पेशी एफडीजीला साखर समजून आत घेते, पचवण्याची पहिली पायरीही पूर्ण करते, पण पुढच्या पायरीला लागणारा भागच या रेणूत बदललेला असल्यामुळे गाडं तिथेच अडतं. रेणू पेशीत अडकून बसतो. मग फ्लोरिनमधून एक पॉझिट्रॉन, म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, सुटतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गामा किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातल्या दोन शोधकांवर ते जवळजवळ एकाच क्षणी आदळले की त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ही घटना घडली, हे कळतं. अशा कोट्यवधी रेषांमधून चित्र उभं राहतं.

हे चित्र फार सुंदर असतं आणि म्हणूनच त्याच्याबाबत सावध राहावं लागतं. ग्लुकोज एकट्या कर्करोगालाच लागतं असं नाही. मेंदूला लागतं, हृदयाला लागतं, ज्या स्नायूने नुकतंच काम केलं त्याला लागतं. म्हणून इंजेक्शननंतर रुग्णाला तासभर शांत खोलीत बसवतात, बोलू नका म्हणतात, मोबाइल चाळू नका म्हणतात. सारखं बोलणाऱ्याचे स्वरयंत्राचे स्नायू उजळतात आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णात तोच नेमका घोटाळा होतो. खोली फार गार ठेवत नाहीत, कारण थंडीने मानेतली तपकिरी चरबी उष्णता निर्माण करू लागते आणि तीही उजळते. रक्तातली साखर जास्त असेल तर खरं ग्लुकोजच एफडीजीची जागा अडवतं, म्हणून मधुमेह असलेल्यांचा स्कॅन सकाळी साखर पाहून करतात किंवा पुढे ढकलतात. मधुमेहाची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची आतडी चांगलीच उजळतात, त्यामुळे पोटाचा प्रश्न असेल तर डॉक्टर ती आधी बंद करायला सांगू शकतात. आपण होऊन मात्र ती कुणी बंद करू नये. ज्या देशात कोट्यवधी मधुमेही आहेत तिथे या बारीकसारीक गोष्टी परदेशी पुस्तकातून जशाच्या तशा उचलून चालत नाही.

आणि मग येतो क्षय. मला विचाराल तर भारतात प्रतिमांवर स्वतंत्र संशोधन का हवं, याचं सगळ्यांत ठोस उत्तर टीबी हेच आहे. टीबीच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही भरपूर ग्लुकोज लागतं. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या छातीत मधोमध लसीका ग्रंथी उजळलेल्या दिसल्या तर युरोपातला रेडिओलॉजिस्ट रोग पसरला असावा असं बऱ्याच विश्वासाने म्हणू शकतो. मुंबईत तसं म्हणणं धोक्याचं. त्या ग्रंथी जुन्या किंवा नव्या टीबीच्याही असू शकतात. रोग पसरला असं धरलं तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकला असता असा रुग्ण शस्त्रक्रियेविना राहील. म्हणून अशा ठिकाणी सुई घालून नमुना घ्यावा लागतो, आणि कोणत्या प्रकारचं उजळणं टीबीकडे झुकतं, कोणतं कर्करोगाकडे, याची पारख नमुन्याच्या निकालाशी ताडून बसवावी लागते. मेंदूच्या एमआरआयमध्येही हीच गत. चित्र उठावदार करणारं कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर कड्यासारखी चमकणारी गाठ ही मेंदूचा कर्करोग असू शकते, टीबीची गाठ असू शकते किंवा पट्टकृमीच्या अळीची पुटीही असू शकते. तिथे एमआर स्पेक्ट्रोस्कोपी मदतीला येते. गाठीच्या आत कोणती रसायनं आहेत याचा अंदाज ती त्याच यंत्राने घेते. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत कोलिन वाढलेलं दिसतं, टीबीच्या गाठीत मेदद्रव्यांचा उंचवटा उठून दिसतो. प्रत्येक वेळी इतका स्वच्छ फरक मिळत नाही, आणि जिथे मिळत नाही तिथेच संशोधनाची गरज आहे.

साखरेऐवजी दुसरा पत्ता शोधायचा, हा यावरचा एक मार्ग. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन फार मोठ्या संख्येने असतं. त्याला चिकटणाऱ्या लहान रेणूवर गॅलियम-६८ बसवला की पीईटीमध्ये हा रोग शरीरात कुठे कुठे आहे ते दिसतं. पुढची गंमत अशी की तशाच रेणूवर गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ बसवता येतो. त्यातून निघणारे बीटा कण जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात आणि ज्या पेशीजवळ ते औषध बसलं तिचा आणि तिच्या आसपासच्या पेशींचाच नाश करतात. आधी दिवा लावून बघायचं, मग त्याच पत्त्यावर औषध पाठवायचं. ल्युटेशियम थोडे गामा किरणही देतं, त्यामुळे औषध दिल्यावर ते गाठीत किती गेलं आणि मूत्रपिंडात, लाळग्रंथींत किती गेलं हे कॅमेऱ्यावर मोजता येतं, आणि पुढचा डोस त्यावरून ठरवता येतो. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव भट्टीत तयार होतं. निदान कुठे संपतं आणि उपचार कुठे सुरू होतो, ही रेघ इथे पुसली गेली आहे. प्रतिमाशास्त्राच्या गेल्या काही दशकांतल्या घडामोडींत मला ही सगळ्यांत आशादायक वाटते.

खारघरच्या प्रोटॉन सुविधेत प्रतिमेवर याहून मोठा भार असतो. क्ष-किरणांचा झोत गाठीतून आरपार जातो, जाता-येता निरोगी भागातही ऊर्जा सांडतो. प्रोटॉन तसा नाही. तो वाटेत थोडी ऊर्जा देतो, ठरावीक खोलीला पोचल्यावर उरलेली बरीचशी एकदम देतो आणि थांबतो. विल्यम ब्रॅग यांनी १९०४च्या सुमारास हे वर्तन दुसऱ्या कणांच्या बाबतीत पाहिलं होतं, आणि १९४६मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी प्रोटॉन उपचारासाठी वापरावेत असं सुचवलं. २३० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात साधारण ३३ सेंटिमीटर जातो, ऊर्जा कमी केली की अलीकडे थांबतो. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी हे वरदान आहे, कारण वाढत्या मेंदूचा जितका भाग किरणांपासून वाचेल तितकं त्या मुलाचं पुढचं शिकणं आणि वाढणं वाचतं.

पण प्रोटॉन नेमका कुठे थांबेल हे कसं ठरवायचं? वाटेत कवटी किती जाड, मेंदू किती, हवेची पोकळी किती, यावर ते अवलंबून, आणि हे सगळं मोजायचं साधन म्हणजे सीटी स्कॅन. अडचण अशी की सीटी मोजतो ते ऊती क्ष-किरणांना किती अडवते ते. आपल्याला हवं असतं ते ती प्रोटॉनला किती अडवेल हे. एका अंकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना थोडी चूक राहतेच. ती सुमारे साडेतीन टक्के धरण्याची पद्धत बऱ्याच केंद्रांत आहे. गाठ १५ सेंटिमीटर खोल असेल तर साडेतीन टक्के म्हणजे पाच मिलिमीटर. दृष्टीची नस यापेक्षा बारीक असते. म्हणून फिजिसिस्ट झोताची दिशाच अशी निवडतात की तो अशा नाजूक भागाच्या तोंडाशी येऊन थांबणार नाही, मग वाट थोडी लांबची पडली तरी चालेल. उपचार पाच-सहा आठवडे चालतात. तेवढ्यात मूल बारीक झालं तर प्रोटॉन ठरवलेल्या जागेच्या पलीकडे जाऊ लागतो, सर्दीने सायनस भरून हवेच्या जागी पाणी आलं तर अलीकडेच थांबू लागतो. त्यासाठी मधूनमधून पुन्हा स्कॅन करून योजना तपासावी लागते.

ही पाच मिलिमीटरची अनिश्चितता कमी करण्यासाठी जगभर खटपट चालू आहे. दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी स्कॅन करणारा ड्युअल-एनर्जी सीटी हा एक प्रयत्न. दुसरा मला फार सुंदर वाटतो. प्रोटॉन शरीरातून जाताना वाटेतल्या काही कार्बन आणि ऑक्सिजन अणूंचं किरणोत्सारी कार्बन-११ आणि ऑक्सिजन-१५मध्ये रूपांतर करतात. म्हणजे झोत आपल्या वाटेवर स्वतःच पीईटीला दिसणाऱ्या खुणा ठेवत जातो. उपचारानंतर लगेच स्कॅन केला तर प्रोटॉन कुठपर्यंत गेले हे दिसू शकतं. मात्र ऑक्सिजन-१५चं अर्धायुष्य दोनच मिनिटं असल्यामुळे रुग्णाला दुसऱ्या खोलीत नेईपर्यंत त्याचा बराचसा भाग संपलेला असतो, आणि रक्तप्रवाह उरलेल्या खुणा हळूहळू पुसत जातो. स्कॅनर आणि उपचारकक्ष जितके जवळ तितकी ही तपासणी खात्रीची.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात संगणकाची भर पडली. चित्रातल्या छटांची मांडणी, गाठीची कड किती खडबडीत, आतला पोत किती एकसारखा अशी शेकडो मापं काढून त्यावरून रोगाचा स्वभाव ओळखता येतो का, हे तपासलं जातं. टाटा मेमोरियलने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने, आयआयटी मुंबई आणि इतर मोठ्या रुग्णालयांना सोबत घेऊन कर्करोगाच्या प्रतिमांची बँक उभारायला घेतली, त्यात डोकं-मान आणि फुप्फुस यांच्या कर्करोगावर भर आहे. हे निवडणं योग्यच आहे. परदेशी रुग्णांच्या चित्रांवर शिकलेल्या प्रणालीने गालातला कर्करोग फारसा पाहिलेलाच नसतो, आणि छातीतल्या टीबीच्या ग्रंथींना ती कर्करोग म्हणणार नाही, याचीही खात्री देता येत नाही.

बँकेत चित्र जमा करण्याआधी रुग्णाची ओळख पुसावी लागते. स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलमध्ये नाव, वय, रुग्णक्रमांक लिहिलेले असतात, ते काढून टाकणं सोपं. पण डोक्याच्या स्कॅनमधून संगणकावर त्या माणसाचा चेहरा त्रिमितीत उभा करता येतो, ओळखता येईल इतका. मेंदूच्या संशोधनात यावर उपाय म्हणून चित्रातला चेहऱ्याचा भाग खरवडून टाकतात. तोंडाच्या कर्करोगात तो उपाय चालत नाही, कारण रोगच चेहऱ्यात आहे. तिथे ती चित्रं कोणाच्या हाती जातात, कुठल्या संगणकावर राहतात आणि रुग्णाने कशाला संमती दिली, यावरच सगळी भिस्त. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, मराठीत, हिंदीत, भोजपुरी बोलणाऱ्याला समजेल असं सांगितलं जाणं हासुद्धा या विज्ञानाचा भाग आहे, असं मी मानतो.

खारघरला येणारे रुग्ण विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून येतात. उपचार संपल्यावर ते गावी जातात, आणि दोन वर्षांनी काय झालं हे कळलं नाही तर स्कॅनने केलेलं भाकीत खरं होतं की खोटं, हे कायमचं अनुत्तरित राहतं. २०१२मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातली ३००हून अधिक रुग्णालयं आणि संस्था आहेत. टाटा मेमोरियलची स्वतःची रुग्णालयंही वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणमला उभी राहिली आहेत. त्यामुळे फेरतपासणीचा स्कॅन घराजवळ होऊ शकतो. मात्र दोन ठिकाणचे आकडे जुळायला हवेत. पीईटीमध्ये गाठ किती उजळली याचा आकडा टोचलेला किरणोत्सार, रुग्णाचं वजन आणि मधे गेलेला वेळ यांवरून काढतात. इंजेक्शनचा किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असेल तर आकडा सहा टक्क्यांनी चुकतो, आणि वजन विचारून लिहिलं, काट्यावर घेतलं नाही, तर त्याहूनही जास्त चुकू शकतो. गाठ खरोखर विझत चालली आहे की नुसता यंत्रांचा फरक दिसतो आहे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ठरावीक मापाचे गोळे बसवलेला पाण्याचा फॅन्टम, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवायचं चाचणीचं भांडं, ठरावीक किरणोत्साराने भरून प्रत्येक यंत्रावर स्कॅन करतात, आलेले आकडे ताडून पाहतात आणि ज्या यंत्राचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर जातो ते दुरुस्त होईपर्यंत त्याच्यावरचे स्कॅन तुलनेसाठी धरत नाहीत.